दोष दिव्याचा की जागेचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा शहाजीराजांची बंगळूरची जहागीर किंवा येथील मराठी वस्तीचा इतिहास असा एखादा भारदस्त विषय आम्ही घेऊ, अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात आहेत. आमची हयात गेली ती जलाहळ्ळीच्या कारखान्यात, काचेच्या निर्वात नळ्या तपासण्यात. म्हणून ज्यातले थोडेबहुत कळते, त्यावरच बोलावे असे ठरविले. या टेबलावर जी राखी रंगाची लोखंडी पेटी ठेवली आहे, तीच आजचा विषय आहे. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांनी तिला ओळखले असेल. मंडळाचा हा पहिला अँप्लिफायर. १९७७ साली वर्गणी काढून जुन्या बाजारातून घेतलेला. आपले गणेशोत्सव, कोजागिरी आणि हळदीकुंकवाचे समारंभ या पेटीने कर्ण्यांवाटे गल्लीभर ऐकविले. या पेटीच्या निमित्ताने एक कबुलीही द्यावयाची आहे. ती शेवटी देऊ.

आपल्यातील बहुतेक कुटुंबे या शहरात का आली, हे आठवून पाहा. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. पुढे १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली यंत्रहत्यारांचा आणि १९५४ साली फ्रान्सच्या सी.एस.एफ. कंपनीच्या सहकार्याने भारत इलेक्ट्रॉनिक्सचा असे सरकारी कारखाने येथे उभे राहिले. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले, दुसऱ्याच वर्षी जर्मेनियमचे अर्धवाहकही होऊ लागले, आणि १९६४ पासून आकाशवाणीचे प्रक्षेपकही तेथे तयार होऊ लागले. म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला पुढे घरी बसविणारा ट्रान्झिस्टर, दोघेही एकाच छपराखाली नांदत होते. आम्ही १९७१ साली तेथे नोकरीस लागलो, तेव्हा ट्रान्झिस्टरचे राज्य आले होते. परंतु मोठ्या आवाजाच्या कामात व्हॉल्व्ह अजून टिकून होता.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. काचेच्या नळीतील हवा काढून घेतलेली असते. आत मध्यभागी फिलामेंट तापते आणि त्याभोवतालच्या कॅथोडला तापविते. कॅथोडवर बेरियम व स्ट्राँशियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या प्लेटला धन विद्युत्‌दाब दिलेला असतो, आपल्या या पेटीत सुमारे ४०० व्होल्ट. त्या ओढीने इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात, उलट कधी येत नाहीत. म्हणून १९०४ साली फ्लेमिंगने या नळीला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप म्हटले. १९०६ साली ली डी फॉरेस्टने मध्ये एक तारेची जाळी बसविली. तीच ग्रिड. पाटाच्या पाण्याला फळी घालून माळी ज्याप्रमाणे वाफ्यात हवे तेवढेच पाणी सोडतो, त्याप्रमाणे ही जाळी ऋण ठेवली की प्रवाह आवरला जातो, आणि ऋणपणा कमी केला की प्रवाह वाढतो. मायक्रोफोनचा क्षीण आवाज ही फळी किंचित हलवितो. त्या हालचालीने प्लेटच्या मंडलात मोठी लाट उठते. अँप्लिफायरचे सारे मर्म एवढेच.

व्हॉल्व्हच्या नावातही अर्थ असतो. आपल्या पेटीत पुढे ‘ईसीसी ८३’ आहेत आणि मागे ‘ईएल ३४’ ची जोडी आहे. ‘ई’ म्हणजे फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात. ‘सी’ म्हणजे ट्रायोड. तो दोनदा आला म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ‘एल’ म्हणजे शक्ती पुरविणारा पेंटोड. आठाने सुरू होणारा आकडा नऊ बारीक पिनांची बैठक दाखवितो. तिनाने सुरू होणारा आठ पिनांची. मागच्या जोडीतील दोघे आळीपाळीने काम करतात. लाकूड कापणाऱ्या दोघा करवत्यांप्रमाणे एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अँप्लिफायर बिघडला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. ते अगदीच चूक नव्हे. कॅथोडवरचा लेप वापराने झिजतो, म्हणून तर व्हॉल्व्ह डाख देऊन पक्का न बसविता बैठकीत खुपसून बसवितात, की काढता यावा. परंतु संशय घेणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये तपासणी हवी, आणि त्या तपासणीला क्रम हवा.

पहिली पायरी डोळ्यांची. काचेच्या आत एका बाजूस आरशासारखा चंदेरी डाग असतो. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी बेरियमचा तो लेप उडविलेला असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला, म्हणजे काचेत चीर जाऊन हवा शिरली. त्या व्हॉल्व्हची आशा सोडावी. काचेच्या आतल्या बाजूस निळसर झाक दिसली तर मात्र भिऊ नये. भटकलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याने ती उमटते, आणि पुष्कळ चांगल्या व्हॉल्व्हांतही ती असते. पण आतील भागांमध्येच जांभळट-गुलाबी प्रकाश भरून राहिला, तर आत वायू झाला आहे असे समजावे. फिलामेंट पेटतच नसेल तर ते तुटले असेल, किंवा नुसती पिन मळली असेल. पिन घासून पाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह टाकून देऊ नये.

दुसरी पायरी कानांची. आवाज बेताचा ठेवून लाकडी पेन्सिलीने प्रत्येक काचेवर हलकेच टकटक करावी. एखाद्या व्हॉल्व्हवर टिचकी मारताच कर्ण्यातून घंटेसारखा नाद आला, तर त्याच्या आतील जाळी सैल झाली आहे. करकर आली तर आधी बैठक साफ करावी. सतत घुंईऽऽ असा गुणगुणाट येत असेल तर दोष व्हॉल्व्हच्या फिलामेंट व कॅथोडमधील गळतीचाही असेल, किंवा वीज गाळणारे मोठे कंडेन्सर वाळले असतील. दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्ह पूर्ण निर्दोष असतो.

तिसरी पायरी अदलाबदलीची, आणि आजच्या व्याख्यानात आम्हांस सर्वांत अधिक काही सांगावयाचे असेल तर ते हेच. वीज बंद करावी, नळ्या निवू द्याव्यात, आणि एकाच जातीचे दोन व्हॉल्व्ह, येथे डावा व उजवा, एकमेकांच्या जागी बसवावेत. पुन्हा वीज लावून पाहावे. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या जागी गेला, तर दोष व्हॉल्व्हचा. दोष जागच्या जागीच राहिला, तर तो जागेचा. व्हॉल्व्ह बिचारा त्या जागी बसला हाच त्याचा अपराध. या तपासणीला ना मीटर लागतो ना पैसा. लागते ते एवढेच, की आपला पहिला तर्क चुकला असण्याची शक्यता मनात ठेवावी लागते. ते मात्र सोपे नसते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

ही पेटी चालविण्याचे काम मंडळाच्या आरंभापासून एक गृहस्थ करीत. चिकपेठेत त्यांचे शिवणकामाचे दुकान होते, त्यामुळे सारे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. त्यांचे घराणे या शहरात कित्येक पिढ्यांचे. त्यांचे मराठी ऐकून आम्ही कारखान्यांतून आलेली मंडळी कधी कधी हसत असू, हेही येथे कबूल केले पाहिजे. मास्तरांना विजेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण पेटीची निगा ते शिवणयंत्रासारखी ठेवीत. कार्यक्रमाच्या आधी तासभर येत, पिना पुसत, कर्ण्यांच्या तारा स्वतः ओढीत, आणि कार्यक्रम संपेपर्यंत पेटीजवळून हलत नसत.

१९८१ च्या गणेशोत्सवातील तिसरी संध्याकाळ. नाट्यगीतांचा कार्यक्रम रंगात आला होता. पाऊण तासानंतर आवाज फाटू लागला आणि जळका वास आला. उजवीकडच्या ‘ईएल ३४’ ची प्लेट तापलेल्या तव्यासारखी लाल झाली होती. मास्तरांनी तत्काळ वीज बंद केली. गायकांनी उरलेला कार्यक्रम कर्ण्यांवाचून निभावला. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा व्हॉल्व्ह बसविला आणि उत्सव पार पडला. पुढे कोजागिरीच्या रात्री पुन्हा तेच! पुन्हा उजवीकडचा व्हॉल्व्ह लाल झाला. या खेपेस मास्तरांची नजर सतत त्यावरच असल्यामुळे तो जळण्यापूर्वीच पेटी बंद झाली.

मास्तर आम्हांस म्हणाले, “साहेब, दरवेळी उजवीकडचाच दिवा लाल होतो, डावीकडचा कधी नाही. ह्या दोघांच्या जागा बदलून बघू या का एकदा?”

आम्ही काय उत्तर दिले असेल? व्हॉल्व्हच्या कारखान्यात नोकरी करणारे आम्ही. शिंप्याच्या दुकानातून आलेली सूचना ऐकण्याइतके आमचे कान मोकळे नव्हते. कर्ण्याची तार सुटलेली असताना पेटी चालविली की आउटपुट ट्रान्सफॉर्मर व व्हॉल्व्ह यांस धोका पोहोचतो, हे पुस्तकातले सत्य आम्हांस पाठ होते. ते सत्य आम्ही येथे बेधडक लागू केले. कार्यकारिणीच्या सभेत “तज्ज्ञ” म्हणून आम्हांस विचारण्यात आले, आणि आमच्या सांगण्यावरून इतिवृत्तात एक वाक्य लिहिले गेले: “दोन व्हॉल्व्ह निकामी होण्याचे कारण हाताळणीतील हलगर्जीपणा.” नाव लिहिले नव्हते. लिहिण्याची गरजही नव्हती. पेटीला हात लावणारा माणूस एकच होता.

मास्तर काही बोलले नाहीत. पेटीची किल्ली चिटणीसांच्या घरी पोहोचती केली आणि येणे बंद केले. काही महिन्यांनी मंडळाने ट्रान्झिस्टरचा नवा संच घेतला, आणि ही पेटी माळ्यावर गेली.

१९८३ साली माळा आवरताना ती मोडीत देण्याचे ठरले. काढलेले दोन्ही व्हॉल्व्ह आमच्या खणात पडून होते. सहज म्हणून ते घेऊन आम्ही एस.पी. रोडवरील एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्या टेस्टरवर पहिला व्हॉल्व्ह खरोखरच गेलेला निघाला. पण दुसरा, जो मास्तरांनी वेळीच वाचविला होता, तो चांगला निघाला. निकामी म्हणून इतिवृत्तात नोंदलेला व्हॉल्व्ह चांगला होता! त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पेटी घरी आणली.

मास्तरांनी सुचविलेली अदलाबदल आम्ही त्या दिवशी, दोन वर्षे उशिरा केली. वीस मिनिटांनी उजवीकडची प्लेट लालसर होऊ लागली. जागा बदलल्या. वीस मिनिटांनी पुन्हा उजवीकडचीच लाल होऊ लागली. व्हॉल्व्ह मात्र आता दुसरा होता.

मग मीटर काढला. ‘ईएल ३४’ ची ग्रिड या मंडलात ऋण ३५ व्होल्टांवर असावयास हवी. डावीकडे ती तशी होती. उजवीकडे पेटी थंड असताना ऋण ३४, आणि तापत गेली तशी घसरत घसरत ऋण २२. येथे एक बारकावा सांगतो, तो दुरुस्तीची आवड असलेल्यांनी ध्यानात ठेवावा. व्हॉल्व्हमध्ये वायू झाला असेल तरीही ग्रिडचा दाब असाच घसरतो. म्हणून व्हॉल्व्ह काढून घेऊन रिकाम्या बैठकीच्या त्याच टोकावर पुन्हा मोजावे, आणि मीटर उच्च रोधाचा वापरावा. घसरण नाहीशी झाली तर दोष व्हॉल्व्हचा. आमच्याकडे व्हॉल्व्ह काढल्यावरही आकडा ऋण २२ च राहिला.

अपराधी निघाला तो एक करंगळीएवढा कंडेन्सर. अलीकडच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर सुमारे २५० व्होल्ट असतात. ते अडवून केवळ आवाजाची लहर पुढील ग्रिडकडे जाऊ देणे, हे त्याचे काम. तो मेणकापडाच्या जातीचा, कागदाचा होता. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आणि उष्णतेने कागद गळू लागला होता. गळती किती? एक कोटी ओहम, म्हणजे दहा मेगओहम, इतकीच धरा. हा रोध एवढा मोठा, की साध्या मीटरला तो कंडेन्सर निर्दोषच वाटावा. परंतु ग्रिडच्या खाली ४७० किलोओहमचा रोधक असतो. २५० आणि ३५ मिळून २८५ व्होल्टांचा फरक या दोहोंत वाटला गेला की ग्रिडच्या वाट्याला जवळजवळ १३ व्होल्ट येतात. फळी तेवढी उचलली जाते, पाट फुटतो, आणि प्लेट लाल होते. पेटी तापली की गळती वाढते, म्हणून दोष लगेच न दिसता कार्यक्रम रंगात आल्यावर दिसे. दोन रुपयांच्या आतबाहेरच्या त्या वस्तूने एक व्हॉल्व्ह खाल्ला, आणि मंडळाचा एक माणूस घालविला. वस्तुतः माणूस कंडेन्सरने घालविला नाही; तो आम्ही घालविला.

नवा कंडेन्सर घातला. पेटी रात्रभर चालविली. दोन्ही प्लेटी काळ्याच्या काळ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही चिकपेठेत गेलो. मास्तर कापड बेतीत होते. झाले ते सारे सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी कात्री खाली ठेवली नाही. कापणी संपल्यावर विचारले, “पेटी चालते ना आता?” चालते म्हटल्यावर म्हणाले, “मग बरे झाले. मोडीत घालू नका.” चहा मागविला. पुढच्या गणपतीला ते सहकुटुंब आले, पुढेही येत राहिले. पण खुर्चीवर बसून कार्यक्रम ऐकून जात. पेटीजवळ पुन्हा कधी बसले नाहीत. किल्ली आम्ही दोनदा पुढे केली. त्यांनी दोन्ही वेळा हसून नाही म्हटले. आज ते हयात नाहीत.

तरुण मित्रांसाठी दोन शब्द सुरक्षिततेचे. व्हॉल्व्हच्या संगीताची हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे. रशिया, चीन व स्लोव्हाकिया येथे अजूनही व्हॉल्व्ह होतात, आणि आपल्या शहरातील गिटारवाली मुले ते हौसेने मागवितात. त्यांनी एवढे पाळावे. वीज बंद केली तरी आतील कंडेन्सरांत शेकडो व्होल्ट साठून राहतात. ते योग्य रोधकातून उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात घालावा. अंगठी-घड्याळ काढून ठेवावे. चालू पेटीत मोजावयाचे तर एक हात खिशात ठेवावा. कर्णा जोडल्याशिवाय पेटी चालवू नये. प्लेट लाल दिसली तर कारण शोधीत बसू नये. मास्तरांप्रमाणे आधी बटण बंद करावे.

या दृष्टांतावरून मंडळाच्या कारभारावर चार शब्द बोलण्याचा मोह होतो. पन्नास वर्षांत आपण खजिनदार व चिटणीस पुष्कळ बदलले. त्याच तक्रारी पुन्हा निघाल्या की माणूस बदलला. त्या खुर्चीच्या मागची व्यवस्था कोठे गळते, हे फार थोड्या वेळा पाहिले. परंतु उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्हांस एक विनंती करावयाची आहे.

१९८३ साली आम्ही मास्तरांची क्षमा त्यांच्या दुकानात, चार भिंतींच्या आत मागितली. आरोप मात्र सभेत केला होता. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी जुनी इतिवृत्ते चाळली जात असताना ते वाक्य संपादक मंडळाच्या दृष्टीस पडले, आणि त्याविषयी आम्हांस विचारणा झाली. म्हणजे ते वाक्य अद्याप तेथे आहे, आणि त्याखाली आमचेच नाव तज्ज्ञ म्हणून आहे. ते खोडू नये. इतिवृत्त खोडावयाचे नसते. पण त्याखाली आजच्या तारखेने एवढे लिहावे: “वरील निष्कर्ष तपासणीविना काढलेला होता व तो चुकीचा होता. दोष कंडेन्सरचा होता. पेटी हाताळणाऱ्यांनी दुसरा व्हॉल्व्ह वाचविला.” त्याखाली सही आम्ही करू.

ही पेटी आता सुरू करतो. फिलामेंट तापावयास अर्धा-पाऊण मिनिट लागेल, तेवढा धीर धरावा. त्यानंतर आभारप्रदर्शन याच कर्ण्यावरून व्हावे, अशी अध्यक्षांस विनंती आहे.